सुरतेहून आम्ही बाया रस्त्यात बसायला आलो

मी सुमन, तापीकाठची, प्रकाशा गावाच्या अंगाला आमचं गाव, तिथली सून, पण काय सांगू तुम्हाला, अंगावरची हळद उतरली नाही तर ह्यांनी मला सुरतेला नेलं, लिंबायतला, आणि सारी उमर तिथंच गेली, हे कापडाच्या लूमवर आणि मी घरी साड्यांना खडे चिकटवायची. गल्लीत सगळी आपल्याच गावची माणसं, भांडणं अहिराणीत, लग्नं अहिराणीत, गुजराती फक्त शेठसमोर. सासूबाई गावाला एकटी, तिला आम्ही माय म्हणतो. ती काही सुरतेला आली नाही. तिथंही तापीच आहे म्हटलं तर म्हणायची, ती तापी मन्ही नही.

मग वाळूवाले आले. नदीत मशिनी उतरवल्या, एवढाले खड्डे केले की विहिरींचं पाणी खाली गेलं, आणि गावातली एक बाई धुणं धुता धुता खड्ड्यात घसरली ती गेलीच. तेव्हा गावच्या बाया रस्त्यात बसल्या, डंपर जाऊ देईनात, आणि माय सगळ्यांच्या पुढं. एक दिवस डंपर थांबलाच नाही, बाया पळाल्या, माय पडली, हात मोडला. तो व्हिडिओ मोबाईलवर आला तेव्हा मी खडे लावत होते, डिंक बोटांवर वाळून गेला तरी मला समजलं नाही.

त्या रविवारी लिंबायतच्या मैदानात आमच्या गावची सगळी माणसं जमली, पुठ्ठ्यांवर लिहिलं, आम्ही गावासोबत आहोत, आणि फोटो गावाला पाठवले. दुसऱ्या दिवशी ह्यांना फोन आला. माणूस शांत बोलला हो, शिवी नाही, आवाज चढवणं नाही, म्हणाला, तुन्ही माय घरमा एकटी ऱ्हास, मागला दरवाजाले कडी नही शे, माले माहीत शे. बस, एवढंच. कडी खरंच नव्हती. हे भिंतीला टेकून खालीच बसले.

हे म्हणाले, आपण गप बसू. मी म्हटलं, गप बसलो तरी माय तिथंच आहे ना. पुरुष आले तर मारामारी होईल म्हणून पोरं बापांजवळ ठेवून आम्ही बायाच निघालो, सकाळच्या गाडीनं नंदुरबार, तिथून टेम्पो. गावाच्या फाट्यावर दोन गाड्या आडव्या, तोंडाला रुमाल बांधलेली वाळूवाल्यांची माणसं. टेम्पोवाला म्हणे, बहीण, मी पुढं येत नाही, उतरा. उतरलो. त्यांच्यातला एक जण एकेकीच्या तोंडाचं शूटिंग करत होता, कोणाची सून, कुठं राहते विचारत होता. मी पदर ओढला, तरी त्यानं माझं नाव घेतलं. त्याला ठाऊक होतं हो! वळले असते तर तो मागं आला असता, म्हणून चालत राहिले.

माय रस्त्यात बसलेली, हात गळ्यात बांधलेला. मला पाहून रागावली, का आलीस म्हणून, कसाले उनी व तू, पोरं तठे कोनाजोडे शेतस? आणि मग सरकून जागा दिली, म्हणाली, बठ आठे.

दुपारी डंपर आला. आधी आवाज जमिनीतून येतो बघा, मांडीखाली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. माझी साडी ओली झाली, भीतीनं, सांगायला लाज नाही. एकीनं मोबाईलवर व्हिडिओ कॉल चालू ठेवलेला, तिकडं सुरतेत सारी गल्ली पाहत होती, आणि ह्यांचा आवाज येत होता, सुमन ऊठ, ऊठ व सुमन! चारचौघांत कधी नाव घेतलं नव्हतं ह्यांनी. मायनं चांगल्या हातानं मन्हं मनगट धरलं. उठावं म्हटलं तरी उठता येईना. डंपर इतका जवळ आला की इंजिनाची वाफ तोंडावर. आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, घाम पुसला, रुमालवाल्यांना म्हणाला, मन्हाकडथून नही व्हस, तुम्हीच चालवा, आणि डंपर तिथंच सोडून चालू लागला. त्यांच्यातला कोणी चढला नाही.

नंतर तहसीलचे साहेब लोक आले, पंचनामा झाला, मशिनी गेल्या. पण ह्यांचं लूमवरचं काम सुटलं, शेठनं कारण सांगितलं नाही. मी इथंच राहिले मायजवळ, पोरं तिकडं बापाजवळ. अजूनबी एक मोटारसायकल येते, आमच्या दारासमोर हळू होते, मग जाते. माय म्हणते, भ्याव लागस ते लागू दे, आठून हालू नको. नाही हलत. कुठं हलू?

तुम्ही एवढं लांबून आलात, ऐकून घेतलं, देव तुमच्या लेकराबाळांना सुखी ठेवो. पण जाताना नदीकडच्या रस्त्यानं जाऊ नका, उजेड आहे तोवर मोठा रस्ता धरा. आणि घरी पोहोचलात की एक फोन करा, नाहीतर मला घोर लागून राहील.