गेरूचा पट्टा

न्हाई न्हाई, तुम्ही बसा, पाव्हणं, बाकडं काय माझ्या बापाचं हाय व्हय — आत माझा नातू हाय, रुद्र, आठ वर्सांचा, आन् त्याची आई सुषमा. डॉक्टर तपासत्यात. ईश्वरला, माझ्या पोराला, कंपनीत सुट्टी न्हाई, म्हणून यवतवरनं मी आलो संगं. अपंगांच्या सर्टिफिकिटाचं शिबिर हाय ना आज दौंडला. आजारी? न्हाई, आजारी न्हाई. स्वमग्न म्हणत्यात. बोलतो थोडं, आपल्या नादात र्‍हातो, मोठा आवाज झाला की कान दाबून धरतो. पण मेंढरं चरून आली की साठ कोकरं एकदम सुटायची, नुसता कालवा — तवा न्हाई दाबायचा. एकेक कोकरू उचलून त्याच्या त्याच्या आईखाली सोडायचा, एक चुकायचं न्हाई. मला चुकतं आता. म्हणून तर मी म्हणलो, ज्याला एवढं कळतंय त्याला कशाला डाग लावायचा.

कवा म्हणलो? दोन वर्सं झाली. वस्तीवरच्या शाळेत अशा पोरांसाठी तालुक्याच्या फिरत्या बाई यायच्या, अनुपमाबाई. भल्या बाई. पोराजवळ फरशीवर बसायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, आबा, ह्याचं नाव वेगळ्या यादीत घालायला लागंल, हे पत्र ह्याच्या आईला द्या, दवाखान्यात जाऊन या. वेगळी यादी — पाव्हणं, मी जल्मभर मेंढरं राखली. व्यापारी यायचा, कळपातनं हिंडायचा, पसंत पडंल तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा वढायचा. नंतर बी ती मेंढी बाकीच्यांच्यात चरायची, पाणी प्यायची, पण आपली न्हाई. टेंपो आला की जायची. मला तेच दिसलं. म्हणलं, माझ्या पोराच्या पाठीवर मी पट्टा वढू देणार न्हाई. सुषमाला? न्हाई, दिलं न्हाई तिला. तिनं विचारलं, बाई काय म्हणाल्या — मी म्हणलो, पोरगं गुणी हाय म्हणाल्या. तसं बी म्हणाल्याच होत्या की. खोटं न्हाई. म्हंजी — खोटंच.

मग बाईंची बदली झाली. शाळेवर बी नवा मास्तर आला. त्याला कोण सांगणार, कागदच न्हाई. घंटा झाली की रुद्र बाकाखाली शिरायचा, मास्तरला वाटायचं चाळं करतोय. वाईट माणूस न्हाई तो, एका खोलीत दोन वर्ग संभाळायचा. त्यानं काय केलं, घंटेच्या आधी ह्याला दारात उभा करायला लागला, सवय व्हावी म्हणून. घंटा दारातच टांगलेली. वर्सभर. पोरगं घरी यायचं ते मनगट चावून — हितं, असं. सुषमा हळद लावायची आन् मला म्हणायची, आबा, ह्याला काय होतंय ते शाळा का सांगत न्हाई. मी आपला तंबाखू मळत बसायचो. आता कोकरं सुटली की बी पळतो, लांब बांधावर जाऊन बसतो. त्याच्याबिगर कोकरं वरडत र्‍हात्यात. मी चुकत-माकत सोडतो.

औंदा दुसऱ्या फिरत्या बाई आल्या, त्यांनी सरळ सुषमालाच गाठलं, म्हणून आज हितं आलो. न्हाईतर मी काय — मी आणलंच नसतं.

ते पत्र? टाकलं न्हाई. जाळायला गेलो, हात धजला न्हाई. हे बघा, बंडीच्या खिशात. घडीवर फाटलंय. रोज म्हणतो, आज सांगू. तुम्ही अनोळखी म्हणून सांगून बघितलं, तोंडातनं कसं निघतंय ते.

आली बघा. काय गं, सुषमा? … डॉक्टर काय विचारत्यात? शाळेनं आधी कवा लिहून दिलं होतं का … आन् तू काय सांगितलंस? … कवाच न्हाई म्हणून सांगितलंस. व्हय.

रुद्र आत नर्सबाईंच्यापाशी हाय ना? मग बस हितं, पोरी. शेजारी नको, समोर बस. पाव्हणं, तुम्ही जरा पलीकडं जाता का. मला हिच्याशी बोलायचंय.