पेढ्याची छत्री होते

हॅलो?… कोण, मंदा? बोल गं… अगं, ताईच बोलतेय, आवाज बसलाय जरा… काय? हर्षवर्धनकडचे रविवारी येत नाहीत? अगं, मुलगी बघायचा कार्यक्रम ठरलाय, आता कसलं नाही?… कोणाच्या रक्तात दोष? माझ्या पोरीच्या, उन्नतीच्या?… कोणी सांगितलं?

मी?

हो, हळदीकुंकवाला म्हटलं होतं मी, उन्नतीच्या रक्तातल्या पेशी वाकतात, डोळ्यांनी बघितलं म्हणून. मग?… विळ्यासारख्या? छे गं! तो सिकलसेलचा आजार वेगळा. त्यात पेशी ताठ होतात, वाकतच नाहीत. फुलपाड्यातून चंदनसारला पोचेपर्यंत कायच्या काय केलं बायकांनी!

अगं ऐक ना… ऐक तर. एमएस्सीचा प्रयोग दाखवायला नेलं होतं तिने मला, कॉलेजात. थेंब तिच्याच रक्ताचा. काचेत केसाहून बारीक वाट, आणि सगळं टीव्हीवर मोठं दिसतं. लाल पेशी म्हणजे, बघ, अंगठा दाबलेले पेढे… हो, तस्सेच. आणि वाट पेशीहून अरुंद! म्हटलं, अडकली आता. तर मागून रक्ताचा रेटा आला नि पेढ्याची छत्री झाली गं! सुळकन गेली. पलीकडे निघाली की पुन्हा पेढा. एकीमागून एक, एकीमागून एक… मंदा, मला रडूच आलं. का ते नको विचारू.

अगं, सगळ्यांच्याच वाकतात! तुझ्या, माझ्या. नाही वाकल्या तर बोटांच्या टोकापर्यंत रक्त पोचेल का?

कोण?… हर्षवर्धनच्या आई? तिथेच बसल्यात? आणि हे आत्ता सांगतेस, भवाने! दे, दे त्यांना.

नमस्कार… अहो, राग कसला… हो, हो, तुमच्यासुद्धा पेशी वाकतात. आत्ता, फोन धरलाय ना, त्याच बोटांत… हॅलो? ऐकताय ना?… बोटं बघताय?

हो… मीही परवा अशीच बघत बसले होते. भाजी लागली खाली.

अहो, कोण सांगायला जातं त्या पेशींना? निजलो तरी चाललेल्याच असतात…

रविवारी? या ना, या!… मुलगी बघायला नाही? मग?… तिनंच तुम्हाला बघायचं?… रक्त?… अहो, खरंच?

उन्नतीऽऽ! इकडे ये, तुझ्या सासूबाई बोट टोचून घ्यायला तयार आहेत!

अगंबाई… ऐकलंत तुम्ही?… हॅलो?… हसताय?… बरं, ठेवते, ठेवते मी!