लेखी उत्तरातला डॉक्टर

द्वारकाबाईंचं सोमवारचं मौन होतं, म्हणून हिंगोलीच्या बसस्टँडवर त्यांच्या वाट्याला नुसतं ऐकणंच आलं. शेजारच्या बाकावर नामाजी आणि चंद्रभागाबाई, मधे पोट फुगलेली शेळी.

"पाहिलं बी न्हाई इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरायनं माझ्या शेळीला. काय म्हणले वो तुमाला?" चंद्रभागाबाईंनी नामाजीला विचारलं.

"म्हणले, तुमच्या गावाला डॉक्टर हाय, तिकडंच दाखवा."

"दोन साल झाले तिथल्या दवाखान्याला कुलूप हाय!"

"आमदारानं इधानसभेत हेच इचारलं. जागा रिकामी हाय, हे खरं हाय का? मंत्र्यानं लेखी उत्तर देलं, हे खरं न्हाई, डॉक्टर नेमलेला हाय."

"मंग शेळीला ते उत्तर चारू का?"

"दम धर. आमदार पुन्हा उठला, नेमला तर बसतो कुठं? मंत्री म्हणले, माहिती घेतो."

"घेऊ द्या. तवर हिचा जीव जातो."

तेवढ्यात बॅग घेतलेला एक माणूस बाकापाशी आला.

"मावशी, बाभूळदऱ्याची गाडी इथंच लागते का?"

"व्हय. आमचंच गाव. कोणाकडं पाव्हणे?"

"पाहुणा नाही. मी तिथला जनावरांचा डॉक्टर. कालच फोन आला, तातडीनं जागेवर बसा म्हणून."

"दोन सालापासून तिथले, आन् गाडी आमाला इचारता?"

"नेमणूक तिथली, पण ऑफिसच्या कामाला लावलं होतं हो मला."

"असू द्या. धरा हिला. आजची हजेरी इथंच लागू द्या."

डॉक्टरांनी बॅगेतून औषध काढलं. द्वारकाबाईंनी न बोलता आपली पाण्याची बाटली पुढं केली.

गाडी लागेस्तोवर शेळीनं मोठ्ठा ढेकर दिला.

"हे मातर खरं हाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या.