आबांना पाणी शिकवू नये

...आणि वर मलाच म्हणतात, कामिनी फार घाबरट! अहो, समुद्रावर तंबूत राहायची हौस कुणाला? आमच्या ह्यांना, हितेंद्ररावांना. मोबाइलवर नारंगी तंबूचा फोटो बघितला, की लगेच चोपड्याहून गाडी भरली. गाडीत काय, तर वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी, शेव, केळीचा अख्खा घड, आणि पुढच्या सीटवर सासरे, लोटन आबा. औषधं मी घेतली, दोर मी घेतला, सात वर्षांच्या ऋतिकाच्या गळ्यात शिट्टी मी बांधली, तर हे म्हणतात, लढाईवर चाललीस का?

बरं, पोचल्या पोचल्या कॅम्पवाल्याने सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. भरतीचं पाणी जिथवर येतं त्या वाळक्या शेवाळाच्या रेघेच्या वरच तंबू, पाण्यात जायचं तर विचारून, आणि ओहोटीला तर नाहीच नाही, कारण उतरतं पाणी माणसाला आत ओढून नेतं. मी तर कागदावर लिहून घेतलं. आबा मिशीतल्या मिशीत हसले. म्हणाले, “तापीमा वाढेल मानूस शे मी. माले पानी नको शिकाडू.”

झालं! आमच्या घरात हे वाक्य आलं की विषय संपला. मोटार पाणी ओढत नाही, आबांना विचारा. पोरीला जुलाब लागले, पाणी किती पाजायचं, आबांना विचारा. डॉक्टर गेला खड्ड्यात. आबांना पाणी शिकवू नये!

आता आबांचं गणित काय, ते तुम्हाला सांगते. तापीला पूर आला की गाव सगळं काठावर. पाणी चढतंय तोवर पाय घालायचा नाही, उतरायला लागलं की भीती गेली, उतरा खाली, धुवा बैलं. खोटं नाही हो, नदीला अगदी खरं आहे. पण हा समुद्र! त्याला कुणी सांगितलं होतं का, की बाबा रे, चोपड्याचे आबा आलेत, जरा तापीसारखा वाग?

सकाळी नऊची गोष्ट. मी बाथरूमच्या रांगेत, हातात ब्रश, तोंडात फेस. बघते तर पाणी लांब गेलेलं, आणि आबा धोतर खोचून, ऋतिकाचा हात धरून आत चाललेले. मी तशीच धावले, ओरडले, आबा, ओहोटी आहे! त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. नुसतं म्हणाले, “पानी उतरी ऱ्हायनं, आते कसानी भीती?”

आणि आली लाट. आबा बसकण मारून खाली, आणि लाट परतली ती पोरीला घेऊन. शिट्टी गळ्यात, पण वाजवायला श्वास नको? मला पोहता येत नाही. तरी गेले. कशी गेले, मला विचारू नका. पोरीची वेणी हाताला लागली, ती धरली, आणि मग मीही चालले आत तिच्यासोबत... तेवढ्यात कॅम्पवाल्याने दोराला बांधलेली ट्यूब फेकली आणि आम्हा दोघींना ओढून काढलं. आबा गुडघाभर पाण्यात धोतर शोधत होते. आणि आमचे हे? काठावर उभे. व्हिडिओ काढत! म्हणे, मला वाटलं तुम्ही मजा करताय.

चार उलट्या झाल्या पोरीला, सगळं खारं पाणी. वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, कामिनी, तुझं ऐकायला हवं होतं. छे! परतीच्या वाटेवर आबांचे फोन सुरू. मुक्ताईनगरला नणंदेला, सावद्याला व्याह्यांना, सगळ्यांना एकच गोष्ट. “मी व्हतू म्हनीसन पोर वाचनी.” आणि हितेंद्रराव गाडी चालवता चालवता माना डोलावतायत. मी तोंड उघडलं, की म्हणाले, जाऊ दे ना, म्हातारं माणूस. म्हटलं, बरोबर आहे, आबांना पाणी शिकवू नये.

मागच्या सीटवर ऋतिका माझ्या मांडीवर. झोपली असं वाटलं मला. तर डोळे मिटूनच हळूच म्हणाली, “आई, आबांनी माझा हात सोडला होता. पण कुणाला सांगू नको हं, त्यांना वाईट वाटेल.”

सात वर्षांची पोर हो! अजून पोहायला शिकली नाही, पण सासरी कसं राहायचं ते शिकून बसली. म्हटलं, नाही सांगत.

तर तुम्हीही कुठे बोलू नका. आबांना वाईट वाटेल.