फोन कोणी केला

मंडळी, सर्वांना जय भीम.

रेखावहिनी, अशोकची लेक प्रज्ञा, नागपूरहून इतक्या लांब आलेले अशोकचे मामा, आणि या हॉलमध्ये बसलेले तुम्ही सगळे. माझं नाव शरद भगत. अशोक रामटेके माझा मित्र होता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो. परत विचारलं तेव्हाही नाहीच म्हणालो. कारण अशोकबद्दल खरं बोलायचं तर एक गोष्ट सांगावीच लागते, आणि ती कुणाला सांगणार नाही असा शब्द मी त्याला दिला होता. आज सकाळी त्या शब्दातून मी मोकळा झालो. कसा, ते पुढे सांगतो.

दुसरी अडचण अशी, की मी संशयी माणूस आहे. माझी नोकरीच ती आहे. प्लांटमध्ये चिप बिघडली की माझ्या टेबलावर येते, आणि ती कुठे बिघडली, कशामुळे बिघडली, हे मी शोधतो. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस दुसरं काय होणार? आज हा हॉल भरलेला बघून मला बरं वाटायला हवं. पण मी इथे उभा राहून तुमचे चेहरे वाचतोय. कोपऱ्यातला तो पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ बघा. शाळेच्या बूस्टर क्लबकडून आलाय. वर लिहिलंय, 'आमच्या लाडक्या कोचला'. लाडक्या? कधीपासून?

मामा, तुम्हाला हे काही माहीत नाही. तुमच्यासाठी थोडं मागून सांगतो. बाकीच्यांनीही ऐकावं, कारण तुम्हाला जे माहीत आहे ते अर्धंच आहे.

अशोक दहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इथे आला. फिनिक्सच्या या बाजूला तेव्हा सगळी कापसाची शेतं होती. तो इथल्याच हायस्कूलमध्ये शिकला. फुटबॉल खेळला. आपला पायाने खेळायचा नव्हे, यांचा, हेल्मेट घालून धडका मारायचा. कॉलेजात जाईपर्यंत त्याचे खांदे असे झाले, की त्याची आई म्हणायची, याला दारातून तिरपं जावं लागतं. पुढे तो त्याच शाळेत गणिताचा शिक्षक झाला. जुन्या कोचच्या हाताखाली राबला आणि ते रिटायर झाल्यावर हेड कोच झाला. रामटेके हे नाव मुलांच्या तोंडात बसेना, म्हणून तो कोच टेक झाला.

आपल्या गावात पूर्वी एकच शाळा होती. वस्ती वाढली, कालव्यापलीकडे दुसरी शाळा निघाली, आणि अर्धी मुलं तिकडे गेली. तेव्हापासूनचं हे भांडण. दरवर्षी सीझनच्या शेवटी दोन्ही शाळांची गेम होते. जो जिंकेल त्याला बक्षीस काय, तर कापूस तोलायचा जुना लोखंडी काटा. गंजलेला. तो वर्षभर आपल्या शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवायचा. त्या गेमच्या आठवड्यात कालव्याच्या दोन बाजूंची माणसं ग्रोसरीच्या दुकानातसुद्धा एकमेकांकडे बघत नाहीत. आमच्या कपाटात तो काटा कित्येक वर्षं आला नव्हता.

पाच वर्षांपूर्वी टेरी आला. टेरी क्वार्टरबॅक होता. म्हणजे, मामा, बॉल पहिल्यांदा ज्याच्या हातात येतो आणि पुढे काय करायचं हे जो ठरवतो, तो. सोळा वर्षांचा मुलगा, पण बॉल असा फेकायचा की माझ्यासारखा माणूस, ज्याला नियमही धड कळत नव्हते, तो उभा राहायचा. टीम एकामागून एक गेम जिंकत गेली. गावात सगळे बोलायला लागले, या वर्षी काटा आपला.

आणि मोठ्या गेमच्या आठवड्यात टेरीला बाद केलं. शाळांच्या गेम चालवणाऱ्या लीगच्या ऑफिसात कोणीतरी फोन केला होता, की हा मुलगा आपल्या हद्दीत राहतच नाही, याचं खरं घर कालव्यापलीकडे आहे. नियम साधा आहे, मुलाचं कुटुंब ज्या हद्दीत राहतं त्याच शाळेकडून त्याने खेळायचं. चौकशी झाली, पत्ता खोटा निघाला. टेरी बाहेर.

फोन कोणी केला? पुढचे दोन आठवडे या गावाला दुसरा प्रश्न नव्हता.

मला आधी पलीकडच्या कोचचा संशय आला. फायदा त्यांचा होता. पण मग वाटलं, त्यांना माहीत असतं तर ते सीझनच्या सुरुवातीलाच बोलले असते, इतके दिवस थांबले नसते. माहिती आतून गेली होती. आमच्याच बाजूच्या माणसाने दिली होती. हे गावालाही कळलं, आणि मग गाव आपल्यातल्या एका घराकडे बघायला लागलं.

मनोहर ढोके आणि सुनीताताई आज फ्रिस्कोहून विमानाने आलेत. ते समोरच बसलेत. त्यांचा सुजित टेरीच्या मागचा क्वार्टरबॅक होता. टेरी बाहेर गेला की सुजित आत. मग काय हवं होतं लोकांना? कुणीतरी सांगितलं, मनोहरची गाडी लीगच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये बघितली. गाडी होती हे खरं. त्याच बिल्डिंगमध्ये त्याचा डेंटिस्ट होता. पण डेंटिस्टची गोष्ट कुणाला ऐकायची होती? सुनीताताई दुकानात गेल्या की बोलणं थांबायचं. सुजितच्या लॉकरवर काय काय लिहिलं गेलं ते मी इथे बोलत नाही. आणि मंडळी, फक्त गोऱ्या लोकांना नावं ठेवू नका. आपल्या रविवारच्या वंदनेनंतर, जेवणाच्या टेबलाभोवती, आपणही कुजबुजलो. मनोहर जवळ आला की आपणही विषय बदलला. कोण कोण होतं ते मला आठवतं.

गेम झाली. सुजित खेळला, बिचारा आपटून आपटून मातीत गेला, आणि आपण वाईट हरलो. त्यानंतरच्या आठवड्यात शाळेच्या कॅफेटेरियात बूस्टर क्लबची मीटिंग होती. बूस्टर क्लब म्हणजे टीमसाठी झटणारे पालक आणि दुकानदार. मनोहर मला म्हणाला, तू चल, मला एकट्याला जायचं नाही. म्हणून मी गेलो.

क्लबचे प्रमुख बोलायला उभे राहिले. ते गावातले वजनदार गृहस्थ. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, की काही कुटुंबं बाहेरून येतात, त्यांना टीम म्हणजे काय ते कळत नाही, त्यांना फक्त आपला मुलगा दिसतो. सगळ्या खुर्च्या वळल्या. मनोहर टेबलाकडे बघत बसला होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

तेव्हा भिंतीला टेकून उभा असलेला अशोक पुढे आला.

"फोन मी केला," तो म्हणाला. "ढोके कुटुंबाचा यात काही संबंध नाही. त्यांना सोडा."

कुणीतरी विचारलं, का केला? तो म्हणाला, नियम आहे. पुन्हा विचारलं, आणि त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग मागून एक आवाज आला, की यात विचारायचं काय, आपल्या माणसाच्या पोराला खेळवायचं होतं. अशोक काहीच बोलला नाही. मनोहर त्याच्याकडे बघत होता आणि मीही बघत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याही मनात आलं, की असेल का तसं?

सीझन संपल्यावर अशोकचं हेड कोचपद गेलं. गणित शिकवायची नोकरी राहिली. तो नववीच्या पोरांच्या टीमला शिकवायला लागला, जिथे बघायला फक्त आया येतात. आणि तो संशय काही गेला नाही. ढोक्यांवरचा उठला तो अशोकवर बसला, पाच वर्षं बसून राहिला. बाहेरचे म्हणायचे, याने आपल्या जातभाईसाठी शाळेला विकलं. आपले म्हणायचे, चांगली मोठी पोझिशन होती, उगाच घालवली, काहीतरी शिजलं असणार. परवा, अशोक हॉस्पिटलमध्ये शेवटचे दिवस मोजत असताना, लॉबीत हेच बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं. बोलणारे दोघं आत्ता या हॉलमध्ये आहेत.

मी मात्र पाच वर्षं थांबलो नव्हतो. त्या मीटिंगनंतरच्या रविवारी वंदना संपली आणि मी अशोकला पार्किंगमध्ये गाठलं. सरळ विचारलं, "सुजितसाठी केलंस का?"

तो रागावला नाही. म्हणाला, गाडीत बस.

मग त्याने सांगितलं ते असं. मोठ्या गेमच्या आधी टेरी सलग काही दिवस गणिताच्या तासाला आला नाही. प्रॅक्टिसलाही आला नाही. अशोक शाळेतला पत्ता घेऊन त्याला बघायला गेला. पत्ता हद्दीतल्या एका अपार्टमेंटचा होता. दार टेरीने उघडलं. अंगात ताप. आत जमिनीवर एक गादी, एक टीव्ही, आणि कॉर्नफ्लेक्सचे खोके. दुसरं काही नाही. दुसरं कोणी नाही. सोळा वर्षांचं पोर शाळा सुरू झाल्यापासून तिथे एकटं राहत होतं. क्लबच्या मोठ्या लोकांनी ती जागा घेऊन त्याला तिथे ठेवलं होतं. त्याची आई कालव्यापलीकडे, एका नर्सिंग होममध्ये काम करणारी. तिला सांगितलं होतं, की मुलगा एका चांगल्या कुटुंबात राहील, त्याला खोली मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल. आणि टेरीही आईला फोनवर तेच सांगत होता. कुटुंब छान आहे, जेवण छान आहे. कारण खरं सांगितलं तर आई घेऊन जाईल, आणि खेळ संपेल.

अशोकने त्याला गाडीत घातलं आणि आईकडे नेऊन सोडलं. तिथून तो क्लबच्या प्रमुखांकडे गेला. म्हणाला, हे चालणार नाही. ते म्हणाले, कोच, मोठी गेम होऊ दे, मग बघू. तोवर कुणाला बोलू नकोस.

मी माझ्या सवयीने विचारलं, मग तू टेरीला नुसतं बाहेर बसवायचं होतंस. लीगला फोन कशाला?

अशोक म्हणाला, "टेरीला मी बसवलं असतं, तर पुढच्या वर्षी त्या खोलीत दुसरं पोर आलं असतं."

मी विचारलं, मग कॅफेटेरियात हे सगळं का नाही सांगितलंस? तो म्हणाला, की त्या लोकांनी खोलीचा दोष स्वतःकडे घेतला असता का? ते म्हणाले असते, कसली ही आई, फुटबॉलसाठी पोर देऊन टाकलं. त्या बाईला रोज या गावात कामाला जायचंय. पोराला शाळेत जायचंय. माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोलू देत, मला सवय आहे. आणि शरद, हे कुणाला बोलू नकोस.

मी नाही बोललो. फक्त रेखावहिनींना माहीत होतं आणि मला.

टेरीला तेव्हा हे पटलं असेल असं समजू नका. वर्षभर तो अशोकशी बोलला नाही. स्वतःच्या हद्दीतल्या शाळेकडून खेळला आणि पुढच्या वर्षी आपल्यालाच हरवून गेला. त्यानंतर एका शनिवारी रेखावहिनींनी दार उघडलं तर हा समोर. कॉलेजच्या परीक्षेत गणित अडत होतं. म्हणाला, कोच आहेत का? मग दर शनिवारी यायला लागला. वरणभाताला त्याने आधी नाक मुरडलं, नंतर मागून घ्यायला लागला. आज तो फायर डिपार्टमेंटमध्ये आहे.

तो मागच्या रांगेत बसलाय, निळ्या सूटमध्ये. शेजारी त्याची आई आहे. त्यांना मराठी कळत नाही. मी बोलतोय ते प्रज्ञा त्यांना हळू आवाजात सांगतेय. आज सकाळी टेरी वहिनींकडे आला. बाहेर लोक अजून काय बोलतात ते त्याच्या कानावर गेलं होतं. तो म्हणाला, "त्या खोलीचं सांगा सगळ्यांना. मला लाज वाटत नाही. आईलाही विचारलंय." वहिनींनी मला फोन केला. म्हणून मी आज इथे उभा आहे.

मनोहर, सुनीताताई, तुम्ही इथून गेलात ते नोकरीसाठी, असं सगळ्यांना सांगितलंत. मला ते कधी खरं वाटलं नाही. अशोकलाही वाटलं नव्हतं. तुम्ही गेलात त्या दिवशी तो माझ्याकडे येऊन बसला, आणि चहा तसाच ठेवून उठून गेला. त्याला वाटत होतं, की तो एक आठवडा लवकर बोलला असता तर सुजितला ते सगळं सोसावं लागलं नसतं. हे तुम्हाला कळावं, एवढंच.

मंडळी, माझं बोलणं संपत आलं. पण माझ्या स्वभावाला धरून एक करतो. अशोकच्या हेतूबद्दल ज्यांना अजून शंका आहे, त्यांनी आत्ता विचारावं. इथे, सगळ्यांसमोर, त्याच्या फोटोकडे बघून. मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा. बाहेर पार्किंगमध्ये नको. उद्या फोनवर नको. मी थांबतो.

...

कुणी नाही?

मग उभे राहू या. आत्ताची शांतता तुमची होती. आता दोन मिनिटं त्याच्यासाठी.

कोच अशोक रामटेके यांना, जय भीम.