धर्मशाळेचं पान किती वेळात उघडतं

हॅलो?… हां, बोल सुंदराताई. तूच असणार, दुसरं कोण. मी कुकर उतरवला की तुझा फोन. आता कुकरलाही ते ठाऊक झालंय.

नाही, आम्ही जेवलो नाही अजून. अभय घरीच आहे, सुट्टी टाकलीय त्यानं. अगं, पाच वाजता तुमच्या पेशंटांच्या धर्मशाळेची मीटिंग, आणि त्यात त्यानं बनवलेल्या वेबसाइटचा निकाल लागणार. ऑफिसात लक्ष लागेल का पोराचं?… तू आत्ताच जाऊन बसलीस तिथे?… बरं. ट्रस्टी आहेस, बस.

काय म्हणाले जगदीशराव?… ‘पान उघडत नाही, सबब बंद करावे, आणि खिडकीवर पहिल्यासारखी रांग लावावी.’ वा. पण त्यांनी उघडलं कुठे ते विचार ना. लिफ्टमध्ये, ताई. परळच्या त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये उभं राहून त्यांनी वेळ मोजली. आणि तुमचे कुशाबा? फोनवर नातवासाठी सिनेमा उतरवून घेता घेता मोजत होते. जेवढे ट्रस्टी तेवढे आकडे. त्यात पानाचा काय दोष?

हो, हो… अगं ऐक ना. म्हणून तर त्यानं घरी मोजायला घेतलं. नाही, वायफायवर नाही. म्हणतो, आई, हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर फाइल घेऊन उभा असलेला माणूस आपलं वायफाय वापरणार आहे का? त्याच्याकडे असतो तसला साधा फोन पाहिजे. मग आपल्या घरात साधा फोन कुणाकडे?… हां, माझ्याकडेच. माझ्या फोनचं नेट लॅपटॉपला जोडलंय. तो लॅपटॉप दिवसभर तुमचं ते पान उघडतो, मिटतो, परत उघडतो, आणि किती वेळ लागला ते टिपून ठेवतो. आपोआप. ‘कोणत्या खोल्या रिकाम्या’ आणि खाली ‘नाव-गाव लिहून खोली घ्या’, एवढंच ते पान, पण माझ्याही पाठ झालंय आता.

नाही ना, तिथेच तर घोडं अडलंय. सकाळी चटकन उघडतं, संध्याकाळी चटकन उघडतं. दुपारी मात्र एकदा असं रखडतं… काल वीस मिनिटं, ताई. तेवढ्यात माणूस चिंचपोकळीहून चालत तुमच्या दारात येईल. आणि ते धरून सरासरी काढली की सगळं पान नापास.

केलं ना, सगळं करून झालं. लॅपटॉपवरचं बाकीचं बंद केलं. रेंज सारखी मिळावी म्हणून फोन खिडकीत ठेवला. तो तापतो म्हणून त्याच्याखाली स्टीलचं ताट उपडं घातलं. परवा तर फ्रीजसुद्धा बंद केला… काय होणार, कोलंबी गेली. पान होतं तसंच.

तुला वाईट वाटणारच गं. तुझ्या शब्दावर दिलंय काम त्याला… माझ्याही डोळ्यांसमोर तू सांगितलेली ती बाई येते. आजारी नवऱ्याला धरून तीन ठिकाणचे जिने चढली उतरली, आणि तुमच्याकडे खोली रिकामी होती. तिला कळणार कुठून? आता तेच कळायला लागलं, तर हे म्हणतात बंद करा…

थांब हं, अभय खुणा करतोय… काय रे?… आत्ता पुन्हा अडकलं म्हणतो. बघ, दुपारचीच वेळ… आता मी काय करतेय म्हणजे? मावशीशी बोलतेय… कधीपासून? हॅलो म्हटल्यापासून…

ताई.

ताई, जरा गप्प बस. पोरगा हात जोडून उभा आहे समोर. म्हणतो, तुझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत, आणि एकावर तू बोलायला लागलीस की दुसऱ्यावरचं नेट थांबतं… त्याला कसं कळणार? तो दुपारी घरी असतो कधी? आजच आहे… काल आपण काय बोलत होतो गं?… तुझ्या सुनेची साडी. हो ना, काठ जांभळा की हिरवा. वीस मिनिटं सहज झाली असतील. म्हणजे पान रखडलंच नव्हतं, ताई. साडी रखडली होती.

नाही गं, तुझं नाव नाही घालणार. ‘बाह्य घटक’ असं लिहितोय तो कागदावर… बाह्य घटक म्हणजे तू. रागावू नकोस, अर्धी मी पण आहे त्यात.

ऐक, तो काय सांगतोय. फोन चालू असतानाचे आकडे लपवायचे नाहीत, वेगळे दाखवायचे. आणि सरासरी नको, सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावून अगदी मधला धरायचा. म्हणजे एखाद्या साडीनं सगळं बिघडत नाही. आजही मोजतोच आहे, पाचपर्यंत. तुझं काम एकच, तोपर्यंत फोन करायचा नाही… जमेल. न जमायला काय झालं? मला तरी कुठे करमणार आहे… चल, ठेव… तू आधी… नाही, तू… बरं, मीच ठेवते.

हॅलो?… ताई, आमटीला अजून फोडणी पडली नाही, आणि तू…

काय?… ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पान उघडून बसलीस? बरं, मग?… मघाशी दोन खोल्या रिकाम्या होत्या. आणि आता?… एक? चष्मा लावलायस ना?… अगं, म्हणजे कुणीतरी घेतली. आत्ता. गाव लिहिलंय का?… राजापूर. बघ, त्याच्या फोनवर उघडलं की नाही?

जगदीशरावांना दाखवलंस?… काय म्हणाले?… नुसतं त्या खोलीची चादर बदलायला सांगितली?

मग झालं तर.

अभय? तो कपाळाला हात लावून हसतोय. म्हणतो, हाही आकडा मावशीनं घालवला… खरंच ठेवते आता. तू खाली दारात जाऊन उभी राहा. राजापूरवाला हॉस्पिटलातून पोचेल एवढ्यात, त्याला जिना दाखव.