समुद्र तापला की सासूबाई कुणाकडे?

हाडांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या मास्तरांचा खांदा ठणकत होता. पण शेजारच्या बाकावर दोन साडू सासूबाईंची वाटणी करायला बसले, तेव्हा मास्तरांनी दुखणं जरा बाजूला ठेवलं.

"यंदा आई तुमच्याकडेच. समुद्र तापलाय."

"मग?"

"समुद्र तापला की दक्षिणेत माझी नदी ओटा चढते आणि उत्तरेत तुमची आटते. समुद्र निवला की उलटं. अभ्यासकांनी वर्षानुवर्षांचे आकडे मांडलेत."

"आटते म्हणूनच म्हणतो! नळाला थेंब नसतो, आणि आईंना अंघोळीला दोन बादल्या लागतात."

"बुडण्यापेक्षा पारोसं बरं."

"अहो, गेल्या वर्षी समुद्र निवला होता, तेव्हा तुमच्याकडे पाणी नाही म्हणून आई माझ्याकडे होत्या. म्हणजे तापला तरी आई माझ्याकडे, निवला तरी माझ्याकडेच?"

"विज्ञानापुढे आपण काय बोलणार!"

मास्तरांचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या बाईंना पुढे जायला खुणावलं.

तेवढ्यात तपासणीच्या खोलीतून सासूबाई आल्या, काठी काखोटीला मारून.

"गुडघे ठणठणीत आहेत. डॉक्टर म्हणाले, खुशाल जिने चढा. तेव्हा तुमच्या दोघांच्या गावांमधल्या टेकडीवर तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली मी."

"एकट्या राहणार, आई?"

"एकटी कशी? दरवर्षी एकाकडे पूर, दुसऱ्याकडे टंचाई. तुम्ही दोघंही माझ्याकडेच येणार, जावईबापू. फक्त अंघोळीला एकेकच बादली मिळेल."